हरणाबाईची कमेंट

परिपाठ संपायच्या आतच हरणाबाई शाळेत आली. पोरीचं मनगट घट्ट धरून ती व्हरांड्यात उभी राहिली. पोरगी म्हणजे दहावीतली मोनिका. तिची मान खाली होती. गणिताच्या नंदीश सरांनी दोघींना लांबूनच पाहिलं. बाई कशासाठी आली असेल, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

सरांचा गणिताचा ब्लॉग होता. वर्गात अडलेली गणितं ते संध्याकाळी तिथं सोडवून दाखवायचे आणि मुलं खाली शंका लिहायची. मुलांकडं स्वतःचे फोन कुठले? ती घरच्यांच्या फोनवरून लिहायची, त्यामुळं नाव घरच्यांचं उमटायचं. कुणाचे शाळेचं तोंडही न पाहिलेले आजोबा तिथं प्रमेयावर वाद घालायचे आणि येरमाळा गावात त्याची चेष्टा चालायची. मोनिकानं लिहिलं की नाव यायचं हरणाबाईचं. हरणाबाई येडेश्वरी देवीच्या डोंगराच्या पायथ्याला नारळ आणि ओटीचं सामान विकायची. आपलं नाव सरांच्या ब्लॉगवर आलंय हे तिनं फोन पुढं करून गिऱ्हाइकांनासुद्धा दाखवलं होतं. ते नाव मागच्या आठवड्यात ताज्या गणिताखालून गेलं. शेजारच्या दुकानदारानं ते पाहिलं आणि सरांनी तुला काढून टाकलं म्हणून चारचौघांत तिची टर उडवली.

“सर, म्या शिकलेली न्हाय,” हरणाबाई म्हणाली. “पण तुमी माझं नाव उगं पुसणार न्हाईत. हिनंच कायतरी वंगाळ लिवलं आसंल. इचारलं तर त्वांड उघडंना. मग लई हाणलं म्या.”

मोनिकाच्या दंडावर वळ दिसत होता.

तिनं वंगाळ काहीच लिहिलं नव्हतं. गणित साधं होतं. एका संख्येचा वर्ग तिच्या पाचपटीइतका आहे, तर ती संख्या कोणती? सरांनी घाईघाईत सोडवून उत्तर दिलं, पाच. थोड्याच वेळात खाली हरणाबाईच्या नावानं ओळ आली, ‘सर, शून्य पण चालतं. शून्याचा वर्ग शून्य आणि पाचपटही शून्य.’ पोरीचं बरोबर होतं. तिथंच चूक दुरुस्त करून तिला शाबासकी दिली असती तर विषय मिटला असता. पण दुसऱ्या दिवशी जिल्ह्याहून साहेब ब्लॉग बघायला यायचे होते. मुख्याध्यापकांनी फळ्यावर सरांचं अभिनंदनही लिहून ठेवलं होतं. सरांनी ती ओळ उडवली. पुन्हा असं काही व्हायला नको म्हणून आपण मंजूर केल्याशिवाय कुणाची कमेंट दिसणार नाही, अशी सोयही करून टाकली. साहेब जाऊ देत, मग उत्तर दुरुस्त करू, असं त्यांनी मनाला समजावलं. साहेब पाठ थोपटून, फोटो काढून गेले. दुरुस्ती तेवढी राहून गेली.

“सांग की आता सरांम्होरं,” हरणाबाईनं पोरीला हलवलं. “काय लिवलं व्हतंस?”

मोनिकानं पहिल्यांदाच मान वर करून सरांकडं पाहिलं. आता ही सांगणार, असं सरांना वाटलं. सांगून टाकलं तर बरंच, असंही वाटून गेलं.

“चुकीचं उत्तर लिहिलं होतं,” ती म्हणाली.

सरांना हायसं वाटलं. आणि हायसं वाटलं याचीच पाठोपाठ इतकी लाज वाटली की त्यांचे कान तापले. चूक माझी होती मावशी, एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आलेही. पण तेवढ्यात दोन शिक्षक हजेरीपट घेऊन शेजारून गेले, त्यातल्या एकानं हसून नमस्कार केला आणि सरांनीही हसून केला. मग त्यांनी हरणाबाईला वेगळंच सांगितलं. चुका होतातच, एवढ्यासाठी लेकराला मारू नये, वगैरे. आपलाच आवाज त्यांना ऐकवेना.

“पाया पड सरांच्या,” हरणाबाई पोरीला म्हणाली.

मोनिका वाकली. पाय मागं घ्यायचं सरांना सुचेपर्यंत तिचा हात लागून गेला होता.

“मावशी, फोन आणलाय का?” सरांनी घाईनं विचारलं. “तुमचं नाव आत्ता परत लावू.”

हरणाबाईचा चेहरा खुलला. तिनं पिशवीतून फोन काढून पदरानं पुसला. सरांनी तो मोनिकाच्या हातात दिला आणि आवाज खाली आणून म्हणाले, “तेव्हा जे लिहिलं होतंस ना, तेच लिही. अगदी तेच.”

काही न बोलता असं परस्पर सगळं सरळ होईल, पोर हुशार आहे, समजून घेईल, असा त्यांचा हिशेब होता. मोनिका बराच वेळ लिहीत होती. हरणाबाई तिच्या खांद्यावरून पडद्याकडं कौतुकानं बघत होती. मग सरांच्या खिशातला फोन थरथरला.

हरणाबाईच्या नावानं ओळ आली होती. ‘सरांचं उत्तर बरोबर आहे. शून्य चालत नाही.’ खाली ती मंजूर करायची की काढून टाकायची, असं फोन विचारत होता.

सरांनी मोनिकाकडं पाहिलं. तिनं पुन्हा मान खाली घातली होती.

हरणाबाईनं आपला फोन दोन्ही हातांत धरला होता. पडद्यावरची नजर न काढता तिनं विचारलं, “आलं का वो सर, माझं नाव?”