करंगळीचं नख

सुट्टीत वृद्धाश्रमात सेवेला आलेल्या नववीच्या मुलांना सरांनी एकेक नेलकटर दिलं. वर्गात जिला सगळे 'वकीलबाई' म्हणत, तिच्या वाट्याला कोपऱ्यातल्या खाटेवरच्या आजी आल्या. त्यांची नखं बघून तिच्या अंगावर काटाच आला. पिवळी पडलेली, वाकून मांसात रुतलेली. नखं कापता कापता तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला.

"कुणाचं लक्षच नाही का तुमच्याकडे? थांबा, इथल्या मावशींची आत्ता सरांकडे तक्रार करते."

"तिला नको गं बोलूस," आजी म्हणाल्या. "ती बिचारी दर रविवारी येते कापायला. मीच हात पुढे करत नाही."

"का पण?"

"गेल्या सुट्टीत माझी कापलेली होती. शाळेची मुलं आली, बोटं बघितली आणि पलीकडच्या खाटेवर जाऊन बसली."

एवढी एक करंगळीच राहिली होती, ती वकीलबाईंनी हातात घेतली. आजींनी हलकेच मूठ मिटली.

"ही राहू दे. उद्या दुसऱ्या शाळेची मुलं यायची आहेत."