घाईचं कारण

“तुम्ही चोर आहा, साहेब. लिव.”

ताराचंदची बोटं टाइपरायटरवर तशीच थांबली. धरमपेठेतल्या त्याच्या टपरीत रोज नाही नाही ते अर्ज टाइप होत, पण साहेबाला चोर म्हणून सुरुवात अजून कोणी केली नव्हती.

“काकाजी, तसं लिहिता नाही येत.”

“काहून? इंग्रजीत चोराले शब्द नाही काय? दीडशे वर्षं इथं राहून गेले गा ते!”

बाकावर नंबर लावून बसलेली माणसं हसली. मारोतराव हसले नाहीत. कोराडीच्या पॉवर हाऊसमधली पाळी संपवून ते सुनेला घेऊन तसेच बसमध्ये चढले होते. भरघोस पांढऱ्या मिशीत अजून राख होती. सून शामला मागे स्टुलावर बसली होती, पदर कपाळापर्यंत ओढून.

“दोन वर्षं झाले,” मारोतराव म्हणाले. “पोरगा ओमप्रकाश विलायतेत, त्याची बायको माह्या घरी. व्हिसावाल्यांनी कागद मागितले, देल्ले. लग्नाचा पुरावा मागितला. घरात एकच फोटो होता लग्नाचा, तोही देल्ला. आता म्हणतात, नंबर आला की कळवू. लोकाची चीज दाबून बसते त्याले काय म्हणते गा तुह्या इंग्रजीत?”

ताराचंदने ऑफिसकडून आलेलं उत्तर उजेडात धरलं. छापील होतं ते. खालची सहीसुद्धा छापीलच.

“यात म्हटलं आहे, तसंच मोठं कारण असन तर नंबराच्या आधी घेऊ. घाईचं कारण पाहिजे, काकाजी. घरात कोणी सिरीयस आहे काय?”

“नाही.”

“मग बाईले... दिवस गिवस?”

“नवरा दोन वर्षांपासून तिकडं आहे म्हणून राहिलो ना बे!”

ताराचंदने जीभ चावली. बाक पुन्हा हसलं.

“मले मारून टाक,” मारोतरावांनी तोडगा काढला. “लिव, सासरा खाटेवर आहे, आज जाते का उद्या जाते.”

“मग ते म्हणतीन, सुनेनं इथंच राहून सासऱ्याची सेवा करावी.”

मारोतरावांनी मिशीतली राख झटकली.

“मी सांगू काय?”

शामला बोलली होती. सासऱ्याकडे न बघता, टाइपरायटरकडे बघून.

“मले त्यांचा चेहरा आठवत नाही आता.”

मारोतराव वळून तिच्याकडे बघू लागले.

“लग्नानंतर महिनाभर होते ते. घर पाहुण्यायनं भरलेलं. दिवसा मान वर केली नाही, रात्री अंधार. पुरतं पाहणं झालंच नाही माह्यं. फोटो होता तर रोज पाहत होती. तो व्हिसावाल्यायनं ठेवून घेतला.”

“ओमप्रकाशनं तिकडून एक धाडला ना,” मारोतराव हळूच म्हणाले.

“बर्फातला, मामाजी. कानटोपी, मफलर. नाक तेवढं दिसते.”

बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. तीही हसली, आणि हसता हसता तिचा आवाज फाटला.

“तुम्ही खाली पाहून जेवता ना मामाजी, तवा कपाळ, डोळे त्यायचेच वाटते. मग नजर हटत नाही माही. पण खाली मिशी येते. त्यायले मिशी नाही. तिथून पुढं सापडत नाही मले ते.”

सून जेवताना टक लावून बघते, हे मारोतरावांना कधीपासून खटकत होतं. परवाच त्यांनी बायकोला सुनावलं होतं, तिले जरा रीत शिकव म्हणून. ताटावरचा प्रत्येक घास आता आठवला त्यांना. हात आपोआप मिशीकडे गेला आणि तिथेच राहिला.

ताराचंद टाइप करू लागला. काय लिहू म्हणून त्याने विचारलं नाही. बराच वेळ नुसता खटखट आवाज.

“चोर लिवलं काय?” मारोतराव म्हणाले.

“लिवलं, काकाजी.”

“शेवटी लिव. माणूस ठेवून घेता, फोटोही ठेवून घेता, दोन्ही नाही जमणार. एक तरी वापस करा. कोणतं करता ते कळवा.”

अर्जावर शामलाने सही केली. मारोतराव उठले. “बस इथं. आलो मी.”

शेजारीच सलून होतं. खुर्चीत बसून त्यांनी ओठावर बोट ठेवलं. “पूर्ण काढ.”

वस्तरा परजणारा हात थांबला. आमच्याकडे पिकल्या वयाचा माणूस मिशी उतरवतो ती घरात कोणी गेल्यावरच.

“काकाजी... कोण गेलं?”

“कोणी गेलं नाही. एक जण यायचा आहे. चालव तू.”

ते परत आले तेव्हा शामला घाबरून उभीच राहिली. डोक्यावरचा पदर घसरला, तिला कळलंही नाही. मारोतरावांचा वरचा ओठ तान्ह्या पोरासारखा कोवळा, पांढराफटक पडला होता. कडेला बारीक कापलंही होतं. ते टपरीच्या दारात उजेडाकडे तोंड करून उभे राहिले आणि त्यांनी मान किंचित खाली घातली, ताटावर घालतात तशी.

“पाह्य. लाजू नको, नीट पाह्य.”

तिने पाहिलं. पापणीसुद्धा लवत नव्हती.

“तो साहेब जवाब देईन तवा देईन,” मारोतराव म्हणाले. “तू आत्ता दे. दिसते काय वं, थोडासा तरी?”