हिरवा दोरा

फुकट खेळायचे सात दिवस आज संपत होते. बायको म्हणाली, "अहो, वर्गणी भरण्याइतकं आहे तरी काय त्या गेममध्ये?"

"जंगल आहे, राक्षस आहेत," मी म्हणालो. खरं ते सांगितलंच नाही.

काल राक्षसाने माझ्या योद्ध्याचा अंगरखा फाडला होता. आज तो हिरव्या दोऱ्याने रफू केलेला दिसला. मी शिंपी आहे. दर चौथा टाका उलटा घालायची खोड फक्त माझी. इथेही चौथा टाका उलटा होता.

"नकोच ती वर्गणी," म्हणत मी गेम बंद केला आणि कामाची सुई उचलली.

सुईत हिरवा दोरा ओवलेला होता. दुकानातलं हिरवं रीळ संपून महिना झाला होता.

दोऱ्याचं दुसरं टोक गेमच्या काळ्या पडलेल्या स्क्रीनमध्ये शिरलं होतं, आणि आतून कुणीतरी ते सावकाश ओढत होतं.