हत्तीच्या सोंडेपाशी

"अहो, माकडांना देऊ नका ते!" नम्रता ओरडली; पण तोवर वेफर्सची पिशवी गेली होती.

माकडानं पिशवी फाडली, दोन मुठी तोंडात कोंबल्या आणि उरलेलं सगळं दरीत सोडून दिलं. कंपनीची चाळीस माणसं, त्यांच्या बायकापोरांसकट, टाळ्या पिटत हसली. नम्रताला शिसारी आली.

पहाटे सहाला स्वारगेटहून दोन बस सुटल्या तेव्हापासून तिला शिसारीच येत होती. बसमधली ती बेसूर अंताक्षरी. पसरणीच्या घाटात दोघांना झालेल्या उलट्या, आणि त्यावर तासभर चाललेले विनोद. केट्स पॉइंटवर तर खाऊन झालेली मक्याची कणसं लोकांनी बसल्या जागेवरून खाली भिरकावली. आता हा नीडल होल पॉइंट.

समोर कड्यातून खडकाची एक अजस्र सोंड पुढे येऊन खाली उतरली होती. सोंड आणि हत्तीचं अंग यांच्यामध्ये आरपार भोक होतं, त्यातून पलीकडचं आकाश दिसत होतं. खूप खाली धोम धरणाचं पाणी चमकत होतं. असं काही समोर असताना लोक त्याकडे पाठ करून कॅमेऱ्याकडे बघत दात काढत होते. कठड्याजवळच्या दगडांवर ऑइलपेंटनं बदाम काढलेले, बदामांत नावं. खाली घोड्यांची लीद. तिनं रुमाल नाकाला लावला.

सहल तिनंच आखली होती. ऑफिसात माणसं नोकरीला घेण्यापासून वाढदिवसाच्या केकपर्यंत सगळं तिच्याकडेच असे. शुक्रवारी ऑफिस बंद, घरच्यांनाही आणा, मागे कुणीही राहायचं नाही, असं तिनं चारचारदा बजावलं होतं. साहेबांना तेवढं ऐनवेळी काम निघालं.

"काय हो नम्रताबाई," सॉफ्टवेअर टेस्टिंगचा सलिल शेजारी येऊन उभा राहिला. तो सदाशिव पेठेतला; सरळ बोलणं त्याच्या रक्तातच नव्हतं. "कंपनीला आमचा एवढा पुळका कधीपासून?"

"वर्षभर राबता म्हणून."

"अरे वा. आम्हाला वाटलं होतं कुणाच्या लक्षातच आलं नाही. पण लॅपटॉप का नाही आणू दिलेत?"

"सहलीला लॅपटॉप कशाला?"

"तेही खरंच. दगड बघायला पासवर्ड लागत नाही."

तो स्वतःच्याच विनोदावर हसला. हसताना त्याच्या दातांत अडकलेला मक्याचा दाणा दिसला. नम्रता बाजूला सरकली. मोबाइलला रेंज मिळते का, हे बघत ती पायऱ्या चढून वरच्या झाडापाशी गेली.

तिथे ऑफिसातल्या अभिनवची आई एकटी बसली होती. कौशल्याबाई. पोरगा पुण्यात लागल्यापासून पहिल्यांदाच इकडे आलेली. नवं लुगडं, पायांत नव्या चपला. त्या चावल्या म्हणून काढून मांडीवर घेतलेल्या.

"बस ना पोरी. तू आपल्या वाशीमकडचीच ना? बोलन्यावरून वयखलं मी."

नम्रताला बसावं लागलं.

"माह्या पोराले तूच लावलं न नोकरीवर? तो सांगत होता. मुलाखतीत याले धड बोलताच येत नव्हतं म्हने. त मॅडमनं पानी देल्लं, म्हने घाबरू नको."

"हुशार आहे तो, मावशी. माझं काही नाही त्यात."

"असं कसं? आता त मले बी इकडंच ये म्हनते. गावाकडचं घर इकून टाकलं. पुढच्या महिन्यात येतोच मी." कौशल्याबाईंनी पिशवीतून डबा काढला आणि तिळाचा लाडू तिच्या हातात ठेवला. "खा. रात्री जागून केले. तुह्यासाठी येगळे बांधले."

लाडू हाताला चिकटला. तुपाचा वास नम्रताच्या नाकात गेला. तिनं एक तुकडा तोंडात टाकला. तो आत जाईना, बाहेरही काढता येईना.

"आवडला नाई?"

"आवडला ना. सकाळपासून जरा मळमळतंय."

"घाटानं होते तसं." बाई तिच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या. खरखरीत, ऊबदार हात. तो झटकून टाकावा असं नम्रताला वाटलं. "आन् तो फोन काऊन सारखा पाहून राह्यली? मुलाकडचे कयवनार हायेत का?"

"तसंच काहीतरी."

"होकारच येईल पाय. एवढी गुनाची पोर."

एवढ्यात खालून अभिनव धावत आला, घामाघूम. "मॅडम, सगळे म्हणतायत आता परत निघू. पोरं कंटाळलीत. आत्ता निघालो तर सातपर्यंत पुण्यात पोचू. सलिल सर म्हणाले, त्यांना ऑफिसवरूनच जायचंय, काहीतरी घ्यायचंय."

"थांब जरा," नम्रता म्हणाली.

फोन वाजला. ती उठून कठड्याच्या टोकापर्यंत गेली. वारा भणाणत होता. तिनं एक कान बोटानं बंद केला.

"झालं बाई एकदाचं," साहेब म्हणाले. "कुलपं बदलली. चाळीसच्या चाळीस जणांची दाराची कार्डं बंद केली. टेबलांवरचं सामान खोक्यांत भरून खाली गेटपाशी ठेवलंय. कामावरून काढल्याची पत्रं आत्ताच कुरिअरवाला घेऊन गेला. काय ते रडणं-भेकणं करायचं ते सोमवारी गेटबाहेर करतील. सहलीची युक्ती तुझी, मानलं तुला! पण मागच्या दरवाजाचं काम अजून चाललंय. रात्रीपर्यंत कुणी इकडे फिरकता कामा नये."

"नाही येणार, सर."

तिनं फोन बंद केला. रुमालानं ओठ पुसले आणि वळून टाळ्या वाजवल्या.

"निघायचं कसलं एवढ्यात?" ती हसत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "आर्थर सीट राहिलंय अजून. मावशी, चपला घाला, तुम्हाला मी हाताला धरून नेते."