टिचकी

आईच्या जन्मशताब्दीला स्टॅफर्डशायरच्या कारखान्याच्या मालकानं खास काढलेल्या चिनीमातीच्या कपांतला पहिला कप माझ्या हातात ठेवला. त्यावर साऱ्या इंग्लंडनं डोक्यावर घेतलेली आईची नक्षी होती आणि तळाला तिची सही.

मी आईसारखीच कपाला टिचकी मारली. तो बद्द वाजला. म्हणजे आत तडा होता.

मालक कुजबुजला, "असू द्या हो. कोणाला कळतंय? खाली त्यांचं नाव आहे ना."

माझं डोकं सणकलं. असले कप आई जागच्या जागी फोडायची. नुकसान करते म्हणून याच्याच बापानं तिला या कारखान्यातून हाकललं होतं.

"नाव आहे म्हणूनच," मी म्हणाले आणि कप फरशीवर आपटला.

समारंभाला जमलेल्यांचे टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले. मी टेबलावरचा दुसरा कप उचलला आणि टिचकी मारली.