वास्त्यांची पहिली बाटली

“वास्त्याले वारा पायजे. बाटलीत कोंडू नोको,” असं सासू सावित्रीबाई म्हणाली होती. गुंजनने मान डोलावली आणि बांबूच्या कोंबांच्या बाटलीचं झाकण आणखी एक पीळ घट्ट केलं होतं. आज देवरीच्या दवाखान्यात जमुनाबाईच्या खाटेशी उभं राहून तिला तेच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं.

जमुनाबाई शेजारीण. एकटीच राहायची, मुलगा रायपूरला. सकाळी दूधवाल्याच्या हाकेला ओ आली नाही म्हणून लोकांनी दार लोटलं. म्हातारी खाली अंथरुणात जागी होती, पण पापण्या उचलत नव्हत्या, जीभ जड झालेली, तोंडातलं पाणी गिळवत नव्हतं. मोहल्ल्याने एका तोंडाने सांगितलं, मण्यार डसली. पावसाळ्याचे दिवस, मागच्या भिंतीला लागून धानाची बांधी, आणि बाईला जमिनीवर झोपायची सवय. मण्यार चावली की दुखतही नाही आणि खूणही दिसत नाही, हे इथल्या पोराटोरांनाही ठाऊक असतं. डॉक्टरीण बाईंना तेच वाटलं. सापाच्या विषावरची औषधं सलाईनमधून सुरू झाली.

गुंजनही म्हणाली, हो, मण्यारच असेल. म्हणताना तिला किती हलकं वाटलं, ते तिचं तिलाच माहीत.

ती बी.एस्सी. झालेली. लॉकडाउनमध्ये इथल्याच हायवेवरून छत्तीसगडकडे पायी निघालेली माणसं तिने पाहिली होती. एका बाईने कडेवरच्या लेकराला कोरडे पोहे चघळायला दिले होते. स्वतःला मुलगी झाली तेव्हापासून ते लेकरू तिच्या डोळ्यांपुढून हलेना. पुन्हा सगळं बंद पडलं तर? लढाई, रोगराई, काहीही. मग मागच्या खोलीत ड्रम आले, तांदूळ आला, मीठ आलं, काड्यापेट्यांची थप्पी लागली. नवरा रोशन चिडवायचा, जग बुडालं तरी आपल्या घरचा चहा चुकणार नाही.

पावसाळा लागला तसे बाजारात वास्ते आले, बांबूचे कोवळे कोंब. सावित्रीबाई ते चिरून मडक्यात भिजवायची, वर फडकं बांधायची, रोज पाणी बदलायची. ते टिकणार किती? गुंजनने व्हिडिओ पाहून उकळलेले वास्ते गरम गरम काचेच्या बाटल्यांत भरले. वर्षभर काही होत नाही म्हणे.

पुढे झाकणं जराशी फुगल्यासारखी वाटू लागली. बोटाने दाबलं की टक् वाजायची. एवढं अन्न फेकायचं म्हणजे जिवावर येत होतं. रोशनने भाजी मागितली तर ती म्हणाली, थोडे मुरू द्या. मुलीने बाटलीला हात लावला तर तिने तिचे हात साबणाने धुतले. आणि परवा एक बाटली ओढणीखाली धरून ती जमुनाबाईकडे गेली. शिजवलेलेच आहेत काकी, भातासोबत तसेच खा, असं सांगून आली.

जमुनाबाईने तेल-तिखट घालून त्याच दुपारी खाल्ले. दुसऱ्या दिवशी उठल्या उठल्या गुंजनने कुंपणावरून विचारलं, पोट बरं आहे ना? म्हातारीचे डोळे भरून आले. तिची स्वतःची सून असं विचारत नाही, हे तिने नळावर सगळ्यांना सांगितलं.

काल दिवस कलताना तीच जमुनाबाई कुंपणाला धरून उभी होती. “काऊन वो गुंजन, आज दोन दोन दिसून राहिली तू मले? त्यातली एक इकडं धाड, भांडे घासाले.”

आजूबाजूच्या बायका हसल्या. गुंजनही हसली. घरात जाऊन तिने तो व्हिडिओ पुन्हा उघडला आणि खाली लोकांनी काय काय लिहिलंय ते पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचलं: झाकण फुगलं की आत विष झालेलं असतं, आधी दोन दोन दिसतं, मग अंग लुळं पडतं. तरी कुंपण ओलांडून ती गेली नाही.

आता सावित्रीबाई सांगत होती, रोशन आणि चार जण जमुनाबाईचं घर उपसून राहिले, साप सापडल्याशिवाय सोडत नाहीत. डॉक्टरीण बाईंचा चेहरा मात्र उतरला होता. औषध जाऊनही पापणी हलत नव्हती आणि श्वास उथळ होत चालला होता. खाटेजवळ कोणीतरी लाकडं-गोवऱ्यांचं बोलायला लागलं तसं त्यांनी दटावलं. यांना सगळं ऐकू येतंय, फक्त सांगता येत नाही.

जमुनाबाईची बोटं गुंजनच्या हातात होती. थंड, पण धरून ठेवणारी.

“साप नाही,” गुंजन म्हणाली. “बाटलीतले वास्ते खाल्ले यांनी. मी भरलेले.”

“गप राय,” सावित्रीबाई पुटपुटली. पण डॉक्टरीण बाई वळल्या होत्या. बाटली किती दिवसांची, झाकण कसं होतं, दोन दोन कधीपासून दिसत होतं, त्यांनी भराभर विचारलं. गोंदियाला फोन लागला. श्वासाचं मशीन तयार ठेवा, असं त्या सांगत होत्या. अॅम्ब्युलन्स दाराशी आली, स्ट्रेचर आलं. उचलता उचलता त्यांना काहीतरी आठवलं.

“तुमच्या घरात कोणी खाल्ले का? लहान मूल आहे तुमच्याकडे.”

“नाही. कोणीच नाही.”

“नशीब तुमचं.”

गुंजनने हात सोडवून घेतला नाही.

“नशीब नाही, डॉक्टर. आधी यांना देऊन बघत होते.”