मिठाचा कातळ

घरात एक कण सांडायचा नाही, ही गोदूबाईची अट होती. सुनेने, सुरेखाने, ती तंतोतंत पाळली. कपडे धुवायची पावडर कशी करायची ते पोलादपूरच्या बचत गटाच्या शिबिरात शिकवलं होतं, अगदी तसंच तिने केलं. तोंडाला ओला फडका बांधला, खाली प्लास्टिक अंथरलं, धुण्याच्या सोड्यावर फेस आणणारी, काकवीसारखी दाट स्लरी बारीक धारेने सोडली आणि लाकडी उलथण्याने हलवत राहिली. सोडा उडाला नाही, स्लरी ओघळली नाही, वर मीठही मिसळून झालं. तरी सासूने उंबऱ्यातून नाक मुरडलंच.

"कसला वास गो हा? घर हाय का कारखाना? भायर ने ती घाण."

"वाळवायला भायरच नेतेय, आत्याबाई."

अंगण शेणाने सारवलेलं, तिथे पावडर मळली असती. गोठ्यामागचा कातळ मात्र घासून ठेवल्यासारखा स्वच्छ. असणारच. दर सोमवारी त्याच्यावर गुरांसाठी मीठ पसरायचं, ही या वाडीची जुनी रीत, आणि गुरांनी पिढ्यान् पिढ्या चाटून तो गुळगुळीत केलेला. पण आज सोमवार नव्हता आणि गुरं माळावर होती. सुरेखाने सगळी पावडर तिथे पातळ पसरली. उद्या गटाच्या बैठकीत पिशव्या न्यायच्या होत्या. पिशव्यांवर चिकटवायला तिने महाडहून आपल्या नावाच्या चिठ्ठ्या छापून आणल्या होत्या. रेशनकार्ड सोडलं तर वाडीतल्या एकाही बाईचं नाव आजवर कशावर छापलेलं नव्हतं. पन्नास वेळा तरी तिने त्या चिठ्ठ्या काढून बघितल्या असतील.

झऱ्यावर हंडा भरत असताना तिला वरून हाळी ऐकू आली.

"येऽ चांदे, ये गो ये! मीठ खा, ये!"

हंडा तिथेच टाकून सुरेखा चढण धावत आली. चांदी, सात महिन्यांची गाभण म्हैस, कातळावर मान घालून चाटत होती आणि गोदूबाई तिच्या पाठीवर हात फिरवत उभी होती.

"महिपत बाजाराला जाताना मीठ टाकून गेला वाटतं," ती कौतुकाने म्हणाली. "गाभणीला लागतंच."

"आत्याबाई, पावडर हाय ती!"

गोदूबाईचा हात थांबला. म्हशीच्या तोंडातून फेस यायला लागला होता. म्हातारीने पदराने तो पुसला, पुन्हा आला, पुन्हा पुसला.

गोदूबाईच्या डोळ्यांवर दोन वर्षांपासून पांढरा पडदा चढत होता. वाडीत हे एकट्या सुरेखाला ठाऊक. सुईत दोरा तीच ओवून द्यायची, संध्याकाळी गुरं मोजायच्या वेळी काहीतरी निमित्त काढून तीच सासूशेजारी उभी राहायची. नवऱ्याला, महिपतला, कळलं तर तो आईच्या हातून गुरं काढून घेईल, आणि गुरं गेली तर म्हातारीपाशी राहतं काय?

बाजारात निरोप मिळून महिपत गुरांच्या डॉक्टरला घेऊन वर आला तोवर चांदी आडवी झाली होती. डॉक्टरने पोटावर हात ठेवला, मान हलवली आणि बॅग उघडलीच नाही.

"कातळावर ही पावडर कोनी टाकली?" महिपतने विचारलं.

"मी," सुरेखा म्हणाली.

"आनि म्हैस माळावरनं खाली कशी आली?"

सुरेखाने सासूकडे बघितलं. एकच वाक्य हवं होतं. मीच हाळी दिली रे, मला दिसलं नाय. इतकंच. कातळावर पसरल्याची चूक ती स्वतः पदरात घ्यायला तयार होती.

"वासाने आली असल," गोदूबाई म्हणाली. "मी तवाच बोलले हुते, ही घाण आपल्याला नको."

सुरेखाच्या ओठांवर आलं होतं सगळं. तिने ते गिळलं, आणि गिळल्याबद्दल तिला स्वतःचाच राग आला. महिपतने पावडर फावड्याने ओढून दरीत लोटली, चिठ्ठ्या चुलीत घातल्या. "आजपासून गट बंद, पोलादपूर बंद," तो म्हणाला. चिठ्ठ्या चांगल्या कागदाच्या होत्या. जळायला वेळ लागला.

तिसऱ्या दिवशी सुरेखा झऱ्यावर कपडे धूत होती. गोदूबाई चाचपडत खाली आली आणि आपलं लुगडं तिच्यापुढे धरलं.

"शेजारची कमळाबाई बोलली, पदराला डाग राहिलाय. साबनाने निघत नाय." थोडा वेळ ती घुटमळली. "तुझी ती पावडर... हाय का गो मूठभर?"

होती. नमुना म्हणून डब्यात ठेवलेली, महिपतच्या हाती न लागलेली. सुरेखाने ती आणली, पदरावर टाकली आणि घासलं. पांढराशुभ्र फेस आला, अगदी शिबिरात दाखवला होता तसा. तिने लुगडं तीनदा खळबळून पिळलं. चांदीच्या तोंडच्या फेसाचा हिरवट डाग हातभर जसाच्या तसा होता.

"निघाला का गो?"

सुरेखाने पदर उलगडून तिच्या डोळ्यांसमोर ताणून धरला.

"तुमीच बघा ना, आत्याबाई."

गोदूबाईने मान पुढे केली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

"निघाला की," ती म्हणाली. "सोन्यासारखा निघाला."

सुरेखाने लुगडं झटकलं, वर अंगणात नेलं आणि डाग वाटेवरून कोणाला दिसू नये, घराच्या बाजूला येईल असं दोरीवर टाकलं.